लाल रीळ आणि मापांची वही

फेब्रुवारी २०२० मध्ये एका नवरीचा ब्लाउज माझ्या हातून बिघडला. कापड लालभडक, आणि मी हूकपट्टी विटकरी दोऱ्यानं मारून मोकळी झाले. बारा वर्षं शिवणकाम करत होते, दोऱ्याच्या रंगात कधी चुकले नव्हते. नवरीची आई घरी येऊन बोलून गेली. मी पट्टी उसवली, परत मारून दिली, शिलाई घेतली नाही आणि मापांच्या वहीत त्या पानावर लिहिलं, "दोरा चुकला. पैसे नाहीत." ही ओळ आणि तिच्यावरची तारीख सव्वादोन वर्षांनी एका डॉक्टरांनी माझ्या आजाराच्या निदानासाठी मागून घेतली, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आजार मज्जासंस्थेचा, मल्टिपल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एमएस.

सुईत ओवताना, रंग जुळवताना एक डोळा मिटायची मला सवय आहे. चूक कळल्यावर मी लाल रीळ खिडकीशी नेलं आणि आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं बघितलं. उजव्या डोळ्याला ते कुंकवासारखं दिसत होतं. डाव्याला तेच रीळ जुन्या कौलासारखं, विटून गेलेलं. डोळा फिरवला की आत मागच्या बाजूला दुखायचं. चार दिवसांत डाव्या डोळ्यापुढं मधोमध धुकं येऊन बसलं. माणसाच्या तोंडाकडं बघावं तर कान दिसायचे, नाक दिसायचं नाही.

बेळगावात एका ठिकाणी डोळे दाखवले. पडदा चांगला आहे, नंबर थोडा वाढलाय, असं सांगून थेंब आणि चष्मा दिला. दीड महिन्यात धुकं विरलं. तोवर लॉकडाऊन लागला होता आणि मी दिवसाला साठ-सत्तर मास्क शिवत होते. डोळा थेंबांनी बरा झाला असं समजून मी ती गोष्ट मनातून काढून टाकली. लाल रंग डाव्या डोळ्याला कायम किंचित फिका राहिला, पण त्याचीही सवय झाली.

एप्रिल २०२२ मध्ये उजव्या तळपायाला मुंग्या सुरू झाल्या. मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला की पायाखाली कापसाची गादी आहे असं वाटे. आठ दिवसांत मुंग्या गुडघ्यावर, मग मांडीवर, मग कंबरेपर्यंत आल्या. डावा पायही जड झाला. बेंबीच्या वर चार बोटं, चहूकडून आवळल्यासारखं व्हायला लागलं. परकराची नाडी कुणीतरी करकचून बांधावी आणि गाठ सोडायला विसरावं तसं. रात्री मी खरोखरच नाडी सैल करून बघायची. आणि सुईत ओवायला मान खाली घातली की मानेपासून पाठीच्या कण्यातून थेट पायापर्यंत करंट जायचा. मान वर केली की बंद.

आमच्याकडं अशा सगळ्याला एकच शब्द आहे, शीर. शीर दबली, शीर आखडली, शिरेवर शीर चढली. रक्त वाहतं तीही शीर आणि संवेदना वाहते तीही शीर. शब्द एक, म्हणून उपायही एकच, चोळणं. गल्लीतल्या मावशी म्हणाल्या, "काय गे, पाय ओढत चाललीस की. शीर दबलीय, चोळून घे." चोळून घेतलं. शेक घेतला. सौंदत्तीच्या यल्लम्माला सासूबाईंनी नवस बोलला. हाडांच्या डॉक्टरांनीही वेगळं सांगितलं नाही. मणक्यात गॅप आहे, शीर दबलीय म्हणाले, कंबरेला पट्टा आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. कंबरेचा एमआरआय काढायला लावला. भिशीचे पैसे त्यात गेले. रिपोर्ट नॉर्मल आला.

त्या नॉर्मल रिपोर्टानं माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. घरात, शेजारी, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात, हे दुखणं नसून थकवा आहे, टेन्शन आहे असं बसलं. मला नंतर कळलं की मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून खाली येणारी मुख्य दोरी कंबरेच्या वरच संपते. पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशी ती थांबते आणि तिथून खाली फक्त सुट्या तारांची शेपटी असते. माझा बिघाड मानेत होता आणि फोटो कंबरेचा निघाला. पाय लुळा पडतो म्हणून सगळे पायाच्या जवळ शोधत राहिले.

सासूबाईंची मात्र मला आजही कणव येते. शिरेला शेक मिळावा म्हणून त्या पहाटे उठून बंब पेटवायच्या आणि माझ्यासाठी कडकडीत पाणी काढून ठेवायच्या. मी आंघोळीला बसले की पाय पेंढ्यासारखे होत. एकदा मोरीतून उठताच आलं नाही. त्या आत आल्या, मला काखेत हात घालून उचललं आणि रडायला लागल्या. अर्ध्या तासानं अंग निवलं आणि मी आपली चालत चुलीपर्यंत गेले. दोघींना काही उलगडेना.

माझे मालक बेळगावला उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत मोटर रिवाइंडिंगचं काम करतात. रात्री त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गरम झाली की बंद पडती, गार झाली की चालती. असली मोटर आमच्याकडं रोज येती." एवढंच बोलले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या एका मित्राला विचारून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. न्यूरोलॉजिस्ट. जून २०२२ चा पहिला आठवडा, आमच्या गावच्या, येळ्ळूरच्या शिवारात भाताच्या धूळपेरण्या चालल्या होत्या.

त्या डॉक्टर मॅडम धारवाडकडच्या, घरची भाषा कानडी. मराठी रोग्यांकडून शिकलेलं त्यांचं मराठी कानडी हेलाचं होतं. आधी त्यांची मदतनीस मुलगी मला विचारत होती, "जोम हिडदैतेनरी?" मला कानडी बाजारापुरतं येतं, तरी हा शब्द मला पुरता कळला. जोम म्हणजे मुंग्या आणि बधिरपणा दोन्ही मिळून. मी दोन महिने जे सांगायला धडपडत होते ते एका शब्दात. मी "हौदु, हौदु", हो, हो म्हणाले आणि रडू आलं.

मॅडमनी मला चाळीस मिनिटं तपासलं, आणि त्यात एकही मशीन नव्हतं. रबरी हातोडीनं गुडघ्यावर मारलं तर पाय उडाला, नको तेवढा उडाला. तळव्यावर किल्ली ओढली तर अंगठा वर गेला. मोठ्या माणसाचा खाली वळायला हवा. घोट्याच्या हाडावर थरथरणारा काटा टेकवून विचारलं, "कंप कळतो का?" उजव्याला कळत नव्हता. पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले, मी सरळ पलंगावर कलंडले. मान वाकवायला लावली आणि माझ्या तोंडावरूनच ओळखलं, "करंट गेला ना?" शेवटी अंधार करून टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर अशी फिरवली. डाव्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी होत होती.

टॉर्च विझवून त्यांनी विचारलं, "या डोळ्याला आधी काय झालं होतं?"

काही नाही म्हणाले मी. मग लाल रीळ आठवलं.

सगळं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तारखेचा केला. साधारण कधी, हे त्यांना चालत नव्हतं. मालक दुपारच्या बसनं घरी जाऊन मापांची वही घेऊन आले. मॅडमनी ते पान वाचलं, फोटो काढला आणि माझ्या केसपेपरवर तारीख लिहिली. या आजाराचं निदान ज्या कसोट्यांवर करतात, त्यांना मॅकडोनाल्ड निकष म्हणतात. २००१ मध्ये ते ठरले आणि पुढं वेळोवेळी सुधारले. त्यांचा मूळ मुद्दा मॅडमनी मला तेव्हा असा सांगितला: मज्जासंस्थेत एकापेक्षा जास्त जागी बिघाड दिसला पाहिजे, एकापेक्षा जास्त वेळी झालेला दिसला पाहिजे, आणि दुसरं कुठलंच कारण सापडता कामा नये. माझा डोळा ही एक जागा, मान ही दुसरी. २०२० ही एक वेळ, २०२२ ही दुसरी. वहीत ते होतं, माझ्या डोक्यात नव्हतं. डोळा बरा झाला नसता तर मी तो विसरले नसते, आणि आजाराचं निदान कदाचित लवकर लागलं असतं.

पुढचे पंधरा दिवस तपासण्यांचे. यावेळी एमआरआय मेंदूचा आणि पूर्ण मज्जारज्जूचा, हाताच्या शिरेतून रंगद्रव्य सोडून. रंगद्रव्य जिथं उजळतं तो डाग ताजा. मेंदूत पोकळ्यांच्या कडेनं लांबट पांढरे डाग होते, ते जुने. मानेत चौथ्या मणक्यापाशी एक उजळला, तो ताजा. दृष्टीच्या तपासणीत पडद्यावर बुद्धिबळासारखे चौकोन उलटेपालटे होतात आणि डोक्याला लावलेल्या तारा मेंदूपर्यंत संदेश किती वेळात पोचला ते मोजतात. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पोचायला हवा. उजव्या डोळ्याचा वेळेवर, डाव्याचा उशिरा. बरा झालेला डोळा पूर्ण बरा नव्हता, याचा कागद हातात आला.

पाठीतून पाणी काढायची भीती मला आणि घरच्यांना सगळ्यात जास्त होती. पाठीत सुई घातली की माणूस कायमचा झोपतो असं आमच्याकडं सर्रास बोलतात. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले, जागा बधिर केली, दाबल्यासारखं वाटलं. ती सुई कंबरेत खाली घालतात, जिथं मज्जारज्जू संपलेला असतो, त्यामुळं दोरीला इजा व्हायचा प्रश्नच येत नाही. ज्या कारणानं माझा पहिला एमआरआय वाया गेला, त्याच कारणानं ही सुई सुरक्षित. दोन दिवस बसलं की डोकं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. पाणी आणि रक्त दोन्ही एकदम पाठवलं. पाण्यात प्रथिनांच्या काही पट्ट्या आल्या ज्या रक्तात नव्हत्या. म्हणजे प्रतिकारशक्तीची लढाई मेंदू-मज्जारज्जूच्या आतच चालली होती.

याशिवाय क्षय, गुप्तरोग, एचआयव्ही, बी-ट्वेल्व्ह, संधिवाताच्या कुळातले आजार, सगळं तपासलं. एक तपासणी मॅडमनी मुद्दाम समजावून सांगितली. एमएससारखाच दिसणारा, डोळा आणि मज्जारज्जू धरणारा दुसरा आजार असतो, एनएमओ. त्याची रक्तातली खूण वेगळी असते. एमएसची काही औषधं एनएमओच्या रोग्याला दिली तर आजार उलट भडकतो. म्हणून ते रिपोर्ट येईपर्यंत लांब पल्ल्याचं औषध ठरवायचं नाही असं त्या म्हणाल्या. माझे ते रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि कागदावर नाव लागलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि नावाचा अर्थ एवढाच की ठिकठिकाणी घट्ट झालेले व्रण.

मालकांना नाव कळलं नाही, पण आजार माझ्या आधी त्यांना कळला. मॅडम म्हणाल्या, मज्जातंतूवर मायलिन नावाचं आवरण असतं, आपलीच प्रतिकारशक्ती ते खाते. मालक म्हणाले, "वायर तुटली न्हाई, इनॅमल गेलंय." मोटरच्या तांब्याच्या तारेवर डोळ्याला दिसतसुद्धा नाही एवढं पातळ इनॅमल असतं, आणि ते गेलं की गरमीत मोटर दगा देते. मॅडमनी मान डोलावली आणि बंबाच्या पाण्याचं कोडं सुटलं. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो. अंग अर्धा अंश तापलं तरी तो अडकतो, अंग निवलं की परत जातो. नवीन इजा त्यात होत नाही. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हे टिपलं होतं आणि एमआरआय नव्हता त्या काळात रोग्याला गरम पाण्यात बसवून निदानाचा अंदाज घेत. माझ्या सासूबाई रोज पहाटे तीच परीक्षा घेत होत्या.

मालकांची उपमा एका जागी कमी पडते. तारेचं इनॅमल आपोआप परत चढत नाही, मायलिन थोडंफार चढतं. म्हणून झटका ओसरतो, डोळा परत दिसायला लागतो. पण एकाच जागी वारंवार मार बसला की आतली तारच तुटते, आणि ती मग जोडता येत नाही. उपचार लवकर का करायचे, याचं उत्तर मला यातच मिळालं.

पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन सलाइनमधून दिलं. तोंडात दिवसभर नाणं चघळल्याची चव, रात्रभर टक्क डोळे, साखर वाढलेली. चौथ्या दिवशी नाडीची गाठ सैल झाली. मला वाटलं, बरी झाले, संपलं. मॅडमनी तिथंच थांबवलं. स्टिरॉइडनं हा झटका लवकर आवरतो, पुढचा झटका थांबत नाही. पुढच्यासाठी वेगळं औषध, आणि ते बरं वाटत असतानाच घ्यायचं. हे घरात पटवणं औषध घेण्यापेक्षा अवघड गेलं. पाय चालतोय, मग दवाखान्यात झोपायचं कशाला, असं माझ्या भावानंसुद्धा विचारलं.

औषधांत घरीच टोचायची इंजेक्शनं होती, गोळ्या होत्या, सहा महिन्यांनी एकदा सलाइनमधून घ्यायची औषधं होती. काहींची किंमत ऐकून आम्ही गप्पच बसलो. शेवटी रिटक्सिमॅब ठरलं. ते मुळात रक्तपेशींच्या एका कर्करोगासाठी आलेलं औषध, एमएससाठी अधिकृत नोंद नसली तरी जगभर वापरलं जातं, आणि भारतीय कंपन्या ते बनवतात म्हणून आमच्या आवाक्यात आलं. प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशी ते कमी करतं. त्याआधी कावीळ-बी आणि छुपा क्षय नाही ना ते बघितलं, लसी घेतल्या. पहिल्या सलाइनला तासाभरात घसा खाजला, अंगावर गांधी उठल्या. सिस्टरनी थेंब थांबवले, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासानं हळू चालू केलं. दुसऱ्या वेळेपासून काही झालं नाही. साधा ताप आला तरी आता अंगावर काढायचा नाही, लगेच फोन करायचा, ही त्याची अट.

मुलीला हा आजार होईल का, हा प्रश्न मी महिनाभर गिळून ठेवला होता. आईला असला तर मुलाला व्हायची शक्यता शंभरात दोन-तीनच्या आसपास, असं मॅडम म्हणाल्या. इतरांपेक्षा जास्त, पण शंभरातल्या सत्त्याण्णवांना होत नाही. संसर्गानं तर पसरतच नाही. हे मी गल्लीत मुद्दाम सांगत फिरले, कारण दोन घरांनी माझ्याकडं कपडे टाकणं बंद केलं होतं.

उरलेलं रोजचं. दुपारनंतरचा थकवा झोपेनं जात नाही. अंगातली वीज कुणीतरी मेन स्विचवरून बंद करावी तसा येतो. म्हणून कापायचं काम सकाळी, काज-बटण दुपारी. लघवीची घाई झाली की थांबता येत नाही, म्हणून घड्याळ लावून दर दोन तासांनी जायचं, हे फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलं. कुणी विचारत नाही आणि बाई सांगत नाही, म्हणून इथं लिहिते. पायाचा चवडा उचलायचा व्यायाम चुलीपाशी उभं राहून करते. पायटा मारणं जमेना तेव्हा मालकांनी जुनी मोटर रिवाइंड करून मशीनला बसवली आणि तिचा कंट्रोल पायाऐवजी डाव्या कोपरापाशी लावला. एप्रिल-मेमध्ये ओला टॉवेल खांद्यावर असतो. सासूबाई आता बंब पेटवत नाहीत, रात्रीच माठात पाणी भरून ठेवतात.

मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा सगळं येळ्ळूर वर गेलं. मी अर्ध्या चढावर बसले. वरून नगाऱ्यांचा आवाज येत होता आणि माझा उजवा पाय थरथरत होता. एक म्हातारी थांबून म्हणाली, "धडधाकट दिसतीस की, चल ऊठ." दिसते मी धडधाकट, ते खरंच आहे. बसमध्येही तेच. कर्नाटकात सरकारी बसला बाईला तिकिटाचे पैसे लागत नाहीत आता, पण बसायला जागा द्या म्हणायला दाखवण्यासारखं माझ्याकडं काही नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एमएसचं नाव आहे, हे मी प्रमाणपत्राच्या खिडकीवर कागद पुढं करून दाखवलं तेव्हा अर्ज घेतला गेला. दिव्यांगत्वाचे चाळीस टक्के भरले तर सवलती. माझे भरले नाहीत. भरू नयेत अशीच इच्छा आहे.

तीन वर्षांत नवा झटका आलेला नाही. दरवर्षीच्या एमआरआयमध्ये जुने डाग तेवढेच, नवा एकही नाही. मापांच्या वहीची मागची पानं आता माझी आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, खिडकीशी, तेच रीळ. दोरा त्यातला मी वापरत नाही. उजवा डोळा मिटून बघते, डावा मिटून बघते, लिहिते. किती पावलांवर पाय घसटायला लागला, रात्री किती वेळा उठले, तेही लिहिते. मॅडम औषधाच्या आधी ती पानं वाचतात आणि कधी कधी एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, "हे किती दिवस होतं?" चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं आणि ताप नव्हता, तर लगेच कळवायचं, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून दिलंय. खाली कानडीत सही.

या महिन्याची ओळ अशी: "डावा, लाल थोडं फिकं, मागच्याइतकंच. मान वाकवली, करंट नाही. वेशीपासून घरापर्यंत न थांबता आले." त्याच्या पुढच्या पानावर मावशींच्या नातीच्या परकर-पोलक्याची मापं आहेत, शुक्रवारी द्यायचंय.